विटकम

शाळेत पोरं मला विटका म्हणायची.
मी सांगे, व्हिटकम. खापरपणजा अमेरिकेचा.
बोटीनं आला, गोरापान, घारा.
घारे डोळे आमच्यात कुणाचेच नाहीत.

आज चर्चच्या मागच्या खोलीत
कपाटाची किल्ली शोधायला
सायमनकाकांनी तास लावला.
वही निघाली, कसर लागलेली.
दुष्काळाचं साल. ओळ एकोणचाळीस :
मुलगा. वय सहा असावे.
अक्कलकोट रस्त्यावर सापडला.
आईबापांची नावे ठाऊक नाहीत.
खर्च : श्री. व्हिटकम, व्हरमाँट, सालीना पंधरा डॉलर.

म्हणजे तो कधी आलाच नाही.
पैसे आले,
पैशांमागून नाव.

खाली शेरा, वेगळ्या शाईत :
रात्री तेलुगूत रडतो.
तुटलेला धागा न शिकवता सांधतो.

झेरॉक्स काढायची का, काकांनी विचारलं.
काय बोललो आठवत नाही.
कन्ना चौकापर्यंत चालत आलो.
माग खडखडत होते.
एका दारात म्हातारा वाकून
सुताला गाठ मारत होता,
अंगठा, तर्जनी, मधे जराशी थुंकी.
माझ्या बुटाची नाडी तुटली
की बाबा मारायचे,
तशी.