तक्रार निरंक

शासनाचं पत्र आलं म्हणून पेटी आली.
हिरवी, पत्र्याची, मानवतच्या ट्रंकवाल्याकडून,
तीनशे वीस रुपये, पावती फाइलला.
दर शनिवारी दोघांनी मिळून उघडायची.
दोघं म्हणजे मी
आणि खिचडी शिजवणाऱ्या सुभद्राबाई.

पहिल्या शनिवारी चिंचोके, कुरकुऱ्याचं पाकीट
आणि एक चिठ्ठी : मेथीची भाजी नको.
सुभद्राबाई म्हणाल्या, घ्या, माझीच तक्रार.

दुसऱ्या शनिवारी एक बटण.
पांढरं, चार भोकांचं, मागं दोऱ्याचं शेपूट.
तिसऱ्या शनिवारी दोन.
मी रजिस्टरात लिहिलं : तक्रार निरंक.

निरंक. किती धुतलेला शब्द आहे.

सहावीतला मुंजा ढगे प्रार्थनेला
शर्ट मुठीत धरून उभा राहायचा.
मला वाटे, थंडी असेल.
नवसाचं पोर, म्हणून देवाचं नाव;
आमच्या भागात मुंजाजी गल्लोगल्ली सापडतात.
पण पोरांना पिंपळावरचा मुंजा ठाऊक,
आणि शाळेमागं पिंपळ आहेच.
मधल्या सुट्टीत त्याला बुंध्याशी उभं करून विचारायचे,
"उतरलास का रे? आज कोणाला धरतूस?"
नाही म्हटलं की एक बटण.
हो म्हटलं की एक बटण.

हे मला अल्फियानं सांगितलं,
पाढा म्हणावा तसं, श्वास न घेता,
आणि शेवटी म्हणाली,
"सर, तुमच्या खिडकीतून दिसतंय की."

दिसत होतं.
लहान आहेत, खेळतायत :
हे वाक्य मी पंधरा वर्षं वापरलंय,
अजून झिजलेलं नाही.

मग मला जे येतं तेच मी केलं.
आठवीतल्या ऋतुराज गिरामला म्हणालो, छडी आण.
छडी नेहमी तोच आणतो.
दुधनेच्या उतारावर बेशरम माजलंय,
त्यातली सरळ निवडून, पानं ओरबाडून,
हवेत दोनदा फिरवून, आवाज ऐकून.
त्या दिवशीही त्यानं चांगलीच निवडली.
सहा मारल्या. पोरगं हललं नाही.
हाताकडे बघतच नव्हतं,
माझा खांदा कसा वळतो ते बघत होतं,
शिकत असल्यासारखं.

पुढच्या शनिवारी पेटीत
बेशरमाची बोटभर कांडी. ओली.
तुटल्या टोकाला दुधासारखा चीक.
चिठ्ठी नाही, नाव नाही.
सुभद्राबाईंनी ती उलटीसुलटी करून पाहिली,
"ही तर तुमची हाय सर," म्हणाल्या,
आणि पातेलं घासायला गेल्या.

"तक्रार कोणाविरुद्ध" या रकान्यात
मी माझं नाव लिहिलं, आडनावासकट.
मुख्याध्यापकांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं,
सही केली नाही.

सोमवारी ऋतुराज सवयीनं छडी घेऊन दारात.
म्हणालो, आजपासून नको.
तो गेला नाही. हात दोन्ही बाजूंना लोंबत,
कुणीतरी ते त्याच्याकडे ठेवायला दिल्यासारखे.
"मंग काय आणू, सर?"

प्रशिक्षणात हे आलं नव्हतं.
तोंडात आलं ते बोललो : सुई-दोरा.

त्यानं आणलं दाभण आणि सुतळी.
बाप मोंढ्यात पोती शिवतो, घरात तेच.
पिंपळाच्या पारावर दोघं बसले,
मधे हातभर जागा सोडून.
मुंजानं शर्ट काढून दिला,
"अंगावर नगं," म्हणाला,
आणि उघडा बसून राहिला, हात काखेत घालून.
बटणाच्या भोकातून दाभण जाईना.
ऋतुराजनं थुंकी लावली, डोळा बारीक केला,
जोर लावला तर बटणच फुटलं.
दोघांनीही मान वर करून
खिडकीकडे पाहिलं.

मी चपला शोधू लागलो.