द्रवणांक

सहा टॅब आहेत आमच्या शाळेत.
प्रत्येकाच्या पाठीवर ऑइलपेंटने
कुणाच्या तरी स्मरणार्थ,
देवळातल्या पंख्यावर लिहितात तसं.
एकावर आडनाव मावलंच नाही,
नुसतं "कै. सौ. द्रौपदाबाई" आलं.
पोरं सांगतात, "बाई, द्रौपदाबाई चार्ज नाही."

विट्याहून वर, घाटमाथ्यावर
रेंज येते ती सातवीच्या उत्तरेकडच्या खिडकीत.
गजाला माझा फोन रबराने बांधायचा,
हॉटस्पॉट लावायचा.
घरी सांगून ठेवलंय,
अकरा ते बारा मी जगात नसते.

पुस्तकात तक्ता होता:
सोने, एक हजार चौसष्ट अंश सेल्सिअस.
चांदीच्या खाली, तांब्याच्या वर.
विचारलं, वितळताना कुणी पाहिलंय?
पंचवीस पोरं. एकोणीस घरांतला
बाप, चुलता नाहीतर मामा गलाईवर.
गावातले सगळे स्लॅब त्याच आकड्यावर पडलेले,
आणि एक हात वर येईना.

मधल्या सुट्टीत स्वरांजलीने
वहीचं मागचं पान फाडून दिलं.
अधिक देवकर, तेनाली. खाली नंबर.
फोनवर म्हणाला, "म्याडम, मी आठवी नापास."
म्हटलं, तुम्ही नुसतं दाखवा.

बुधवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून
भट्टीपुढे बसला.
मागे दुकानाची पाटी, गोल गोल तेलुगू अक्षरं.
अल्फिया मुल्लाणीने ती लगेच वहीत उतरवून घेतली,
विज्ञानाच्या वहीत.

"ही मूस. हिच्यात टाकायचं.
कुणाचं डोरलं असंल, कुणाची नथ. आमी इचारत न्हाय."
ज्योत निळी झाली.
"आता बगा. लई येळ काय व्हत न्हाय.
काय म्हंजे कायच न्हाय.
मंग एकदम."

आणि झालं.
पाच टॅबवर झालं.
द्रौपदाबाई चार सेकंद मागे होती,
तिच्यात नथ अजून नथच होती.
सगळा वर्ग बाकं ओलांडून
तिच्याभोवती गोळा झाला,
जे होऊन गेलं होतं
ते होताना बघायला.

सार्थकने विचारलं, हात भाजतो का?
त्याने पंजा कॅमेऱ्याला लावला. वर्ग गप्प.
अल्फियाने विचारलं, अंश कशाने मोजता?
"मोजत न्हाय. रंग बगतो."
फळ्यावर एक हजार चौसष्टच्या खाली
मी लिहिलं: रंग.

मग स्वरांजली उभी राहिली.
"सर," म्हणाली.
स्वतःच्या बापाला.
"सर, वितळलेलं गार झाल्यावर
परत पहिल्यासारखं होतं का?"

तो बोलेना.
मला वाटलं नेट गेलं.
खिडकीकडे पाहिलं, दोन काड्या होत्या.
"सोनं व्हतं," तो म्हणाला. "दागिना न्हाय."
दागिना न्हाय, म्हणाली द्रौपदाबाई
चार सेकंदांनी.
तेवढ्यात बारा वाजून तीन मिनिटांनी
माझ्या नवऱ्याचा फोन आला
आणि तेनाली गेली.

संध्याकाळी अॅपवर माहिती भरली.
टॅबचा वापर: त्रेपन्न मिनिटे.
तज्ज्ञ मार्गदर्शकाचे शिक्षण: यादीतून निवडा.
यादी दहावीपासून सुरू होत होती.
तो रकाना रिकामा सोडला
तर पान पुढे सरकेना.

रात्री पावणेदहाला त्याचा मेसेज:
"म्याडम, ते हजार चौसष्ट खरं हाय का?
वीस वर्सं वितळवतोय, आकडा आज कळला."
मग टायपिंग. मग काहीच नाही.
मग पुन्हा टायपिंग.
"पोरीचा प्रश्न परीक्षेला येतो का?"

नाही, असं लिहिलं.
खोडलं.
येतो, लिहिलं. तेही खोडलं.
तिकडे त्याला दिसत असणार
मी काहीतरी टाइप करतेय.