दुसरी वेलांटी

वालदेवीकाठचा अहवाल आला तपासायला
नाशिकरोडच्या ऑफिसात, माझ्या टेबलावर.
तीनशे बारा पानं, स्पायरल बाइंडिंग.

मी गुण देतो.
अनुक्रमणिका आहे: दोन.
नकाशावर उत्तर दिशा दाखवलीय: एक.
नदी अजून तिथे आहे का,
याला तक्त्यात रकाना नाही.

पान एकशे चाळीस: ‘पक्षि आढळले नाहीत.’
पाहणी एकवीस मे, दुपारी दीड.
त्या वेळी तर मीही आढळत नाही.

चेहेडीच्या सुनावणीत मथुराबाई गांगुर्डे उठल्या होत्या,
“तांबडी बदकं दिवाळीनंतर उतरतात भाऊ,
तेव्हा या की मोजायला.”
इतिवृत्तात एवढंच: ‘एका महिलेने सूचना केली. आभार.’

बेरीज ब्याऐंशी. समाधानकारक.
दुरुस्ती एकच सुचवली मी,
‘पक्षि’ला
दुसरी वेलांटी हवी.