गोडं पाणी

रेवदंड्याहून निघालो तेव्हा
होडीच्या बुडाला कालवं चिकटलेली.
टोलवाला म्हणाला, ही कोणत्या रकान्यात लिहू?
मुंजाभाऊ म्हणाला, जनावरात टाक.

जामखेडला मुक्काम, ढाब्यामागं.
मी होडीतच झोपलो.
ट्रक गेला की ती हलायची
अन् मी झोपेत वल्हं चाचपायचो.

मांजरसुंब्याच्या उतारावर
तीच जीपला ढकलू लागली,
पाण्याचा वास लागलेल्या म्हशीसारखी.
मुंजाभाऊ ब्रेकवर उभाच राहिला,
शिव्या देत, हसत.

माजलगावच्या धरणावर पोचलो तर दिवस बुडालेला.
त्यानं बुडावरून ओलं बोट फिरवलं,
चाटलं.
"खारट हाय अजून.
आठ दिवस लागतील हिला
गोडं कळायला."

मग नट सोडवायला
पान्हा मागितला.