कमरेखाली आलं की घेऊ

पंधरा लिटरचा गिझर.
कार्तिकात सहा हजार आठशे नव्वद.
मोबाइलवर त्याच्या किमतीची निळी रेघ दिसते,
वर्षभराची, वरखाली,
गंगेवरचा दुतोंड्या मारुती जसा पावसाळ्यात सांगतो
पाणी कुठवर आलं:
गुडघे, कंबर, छाती.

रंगनाथला म्हटलं, आत्ता छातीला आहे,
कमरेखाली आलं की घेऊ.
तो बरं म्हणाला.
तो नेहमी बरं म्हणतो.

माझे बाबा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते.
शाळेत पोरी म्हणायच्या, तुला काय बाई, बाप नोटा छापतो.
बाप संध्याकाळी कापडी पिशवी घेऊन
जेलरोडचा बाजार या टोकापासून त्या टोकापर्यंत
नुसता चालायचा, काही न घेता.
घ्यायचं ते परतीच्या फेरीत,
भेंडीचं शेपूट मोडून, दोडक्यात नख रुतवून.
दोन रुपये वाचले की जिना चढताना शीळ ऐकू यायची.

माझी परतीची फेरी अंगठ्यावर चालते.
पाच दुकानं, चप्पल न झिजवता.
एकात पोच फुकट, बसवणावळ वेगळी.
एकात बँकेच्या कार्डावर सूट, ते कार्ड जावेकडे आहे,
आणि जावेकडे मागायचं तर
त्याची किंमत कुठल्याच रेघेत धरलेली नसते.
एकात सगळ्यात स्वस्त,
पण वॉरंटीचं वाक्य इतकं बारीक
की ऋजुताला वाचायला बसवलं, तिलाही लागलं नाही.

मार्गशीर्ष गेला. पौष.
पेपरात रोज निफाडचा पारा, साडेसहा, साडेपाच.
सिडकोतल्या आमच्या घरात पहाटे
अंबडच्या पहिल्या शिफ्टआधी
रंगनाथ गॅसवर पातेलं चढवायचा.
ऋजुताची बादली, माझी बादली,
उरलं तर त्याची.
फडक्याने कडा धरून
ओट्यापासून मोरीपर्यंत अकरा पावलं.
मी गोधडीत, उजेड अंगठ्याने झाकून, रेघ बघत.
सहा हजार चारशे. पोट.
सहा हजार दोनशे दहा. बेंबी.
सव्वीस जानेवारीच्या सेलला उलटी वर चढली मेली.

मग रविवार कारंज्यावर लुंकडांच्या दुकानात गेले,
मोबाइल मुठीत, पुराव्यासारखा.
म्हटलं, इथे एवढ्याला दाखवतंय, तुम्ही कितीला देता?
लुंकडशेठनी चष्मा कपाळावर सारला,
गल्ल्याखालून स्वतःचा मोबाइल काढला.
तीच निळी रेघ.
"ताई, सेल लागला की मीपण इथूनच दहा मागवतो.
डीलर काय देतो डोंबल."
दोन कटिंग सांगितले.
आम्ही काउंटरवर कोपरं टेकून रेघ बघत राहिलो,
पूर आला की होळकर पुलावर
माणसं कठड्याला रेलून उभी असतात तशी.
शेठ म्हणाले, होळीनंतर पडेल.
मी म्हटलं, पडायला पाहिजे.

पडला.
रंगपंचमीच्या आठवड्यात, शहरात रहाडी उघडल्या तेव्हा,
पाच हजार सातशे नव्वद.
मांडी! मी इतक्या जोरात ओरडले
की शेजारच्या शेवंताबाई दारात आल्या.
अकराशे वाचले.
प्लंबरने साडेचारशे घेतले, कॉकचे एकशेऐंशी.
सिलिंडर एरवी पन्नास दिवस जातो,
या थंडीत तेहेतीस.
हा हिशेब मी पेन्सिलीने मांडला
आणि कॅलेंडरचं पान पुढे उलटलं.

गिझरचा लाल दिवा लागला तेव्हा
बाहेर सदतीस डिग्री होतं.
रंगनाथ गार पाण्यानेच न्हाला.
टॉवेल देताना दिसला
उजव्या मनगटावर भाजल्याचा डाग,
भुईमुगाच्या शेंगेएवढा, कडेने तांबूस.
कधीचा रे?
असेल पौषातला, म्हणाला, भांग पाडत.

रेघेवर बोट ठेवून मी पौष शोधला.
पाणी बेंबीला होतं.