चौथी गाठ

सकाळी सातला गोगटे सर्कलपाशी टेम्पो ट्रॅव्हलर,
माणशी साडेआठशे, जेवण धरून.
गाइड मल्लाप्पा गंदिगवाड. आधी खानापुरात कौलं भाजायचा,
भट्टी थंडावली तसा देवळं दाखवू लागला.
"नोडरी," म्हणाला, "आधी कन्नडात सांगतो, मागनं मराठीत.
दोन्हीकडं तेवढंच सांगतो.
मोजून घ्या, पण भांडू नका."

आम्ही सतरा.
मी खिडकीशी, पर्समध्ये बीपीच्या गोळ्या, डब्यात भडंग,
एकोणतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजात काढलेली बाई,
जिला अजून दोन माणसं बोलताना दिसली
की मधली वायर कुठाय ते बघावंसं वाटतं.

हलशी. चपला काढल्या, फरशी गार.
समोरासमोर दोन गाभारे,
एका देवाकडं बघावं तर दुसऱ्याला पाठ.
मल्लाप्पा मधोमध उभा राहिला, तिरका,
वर्षांच्या सवयीनं.

चौगुल्यांचा वृषभ मात्र भिंतीच चाचपत होता.
उद्यमबागेतल्या फाउंड्रीनं त्याला गेल्या साली
पेरूला धाडलेलं, मशीन बसवायला.
सुट्टीच्या दिवशी असाच एक गाइड घेऊन
इंका लोकांच्या जागा हिंडून आला.
"दगडाला दगड असा बसवलाय, सुरीचं पातं जात नाही."
"पेरूला?" हुद्दारआजी म्हणाल्या,
"मग चार आणायचे नाहीस होय?"
सगळे हसले. बाहेर टोपलीवाल्या बाईकडनं
कुणी खरंच पेरू घेतले, तिखटमीठ लावून,
आणि दिवसभर इंका म्हटलं की जिभेवर तीच चव.

देगावच्या वाटेवर काजूच्या बागेत एक शिळा.
वर चंद्र-सूर्य, खाली गाय-वासरू, मधे शेवाळ.
मल्लाप्पानं बाटलीतलं पाणी ओतलं,
ओली झाली की अक्षरं वर येतात म्हणे.
"जुनं कन्नड. कुणाला तरी जमीन दिलीय.
उगवतीला वारूळ, दक्षिणेला वाकडी चिंच,
मावळतीला ओढा.
उत्तरेचा टवका उडालाय."
कुणीच काही बोललं नाही.
हद्द हा शब्द ऐकला की आमच्याकडं
माणसं आधी शेजारच्याचं तोंड बघतात.

"त्यांची अक्षरं कसली होती?" मल्लाप्पानं विचारलं,
"तुझ्या त्या इंकांची?"
"नव्हतीच. दोऱ्यांना गाठी मारायचे.
मका किती, जनावरं किती, कोण किती देणं लागतो.
दोरे आहेत अजून. पण बऱ्याच गाठी
काय म्हणतात, कुणाला वाचता येत नाही."

मल्लाप्पा रिकामी बाटली धरून उभा.
"बरं होतं की," म्हणाला,
"पाट्यांना डांबर फासायची कटकट नाही."
एवढं मात्र त्यानं एकदाच सांगितलं.
कन्नडात की मराठीत, आता आठवत नाही.
सतराही जणांना कळलं.

परतताना मी पदराला गाठी मारत गेले.
आई मारायची, गवळणीच्या मापाच्या.
एक गाठ समोरासमोरच्या देवांची.
एक वाकड्या चिंचेची.
एक मल्लाप्पाला शंभराची नोट द्यायची राहिली, तिची.
आणि नंदगडच्या चढाला, ऊन उतरताना,
आणखी एक.

रात्री टिळकवाडीत पंख्याखाली बसून सोडवल्या.
तीन सुटल्या. नोटेच्या गाठीपाशी जरा ओशाळले.
चौथी घट्ट. नखानं निघेना,
आणि कशाची मारली होती तेही.
वृषभ काहीतरी दाखवत होता का?
आजी झोपेत काही बोलल्या?
की रस्त्याच्या कडेला कोणी उभं होतं?

साडी इस्त्रीला दिली तेव्हा यल्लव्वाला म्हटलं,
बाकी फिरव, तेवढी गाठ राहू दे.
"याकरी?" तिनं विचारलं.
"नोडोण," म्हटलं. बघू.