शनिवारचा रकाना

अंबडच्या कंपनीत ट्रेनिंगवाल्या बाईंनी तक्ता वाटला.
दिवस उभे, अर्धे-अर्धे तास आडवे.
"महत्त्वाचं ते हिरवं, तातडीचं ते लाल.
बाकी सगळी गळती समजा."

रात्री लेकीचे स्केचपेन घेऊन बसले.
शिफ्ट लाल. बसची वाट बघणं लाल. डबे लाल.
पाण्याची मोटर, सासऱ्यांचं इन्सुलिन,
साहेबांचे साडेदहाचे व्हॉट्सॲप, लालच.
बुधवारी पेन वाळला,
बुधवार संपला नव्हता.

शनिवारी चार ते सहापाशी
हात थांबला.

तेव्हा मी तांबट लेनमध्ये असते,
आप्पांच्या बंद दुकानाचं शटर अर्धं वर करून.
गिऱ्हाईक नाही, ऑर्डर नाही.
एखादा जुना हंडा मेखेवर पालथा घालते
आणि मठारत बसते.
भिंतीपलीकडून लखूकाका ओरडतात,
"घाई झाली गं वृंदे, ठोका ठोक्यावर पडला!"
म्हाताऱ्याला दिसत नाही आता.
कान शाबूत आहेत.

आप्पांनी भावाला शिकवलं.
पोरीच्या हातात हातोडा कशाला?
मी उंबऱ्यावर शेंगा सोलत
कानांनी शिकले.
भाऊ पुण्यात लोन विकतो,
त्याला सांगितलेलं माझ्याकडे राहिलंय:
"ठोका कुठे मारायचा नाही, ते आधी कळू दे.
नुसतं बडवलं की भांडं जातं,
पत्रा उरतो."

सोमवारी पिंगळेसाहेब मशीनपाशी आले.
शनिवारी ओव्हरटाइम आहे, दुप्पट पैसे, नाव टाकू ना?
दुप्पट.
फ्रिजचा हप्ता डोळ्यांसमोरून गेला,
लेकीच्या क्लासची फी गेली,
मग एकदम तो हंडा, काठाशी अर्धा राहिलेला.
म्हटलं, सर, शनिवारी मी तांबट असते.
त्यांना वाटलं आडनाव सांगतेय.
ते तर लग्नात बदललं.

तक्ता परत दिला तेव्हा
बाईंनी बोट ठेवलं,
हे चार कोरे का? झोपता का?
मी "हो" म्हणून टाकलं.
बारा पेनांच्या पाकिटात
तांब्याचा रंग नसतो,
हे त्यांना कुठे समजावत बसू,
पावणेसहाची बस होती.

हप्ते अजून सात राहिलेत.
हंड्याचा काठ मात्र
येत्या शनिवारी होईल.